सोळाव्या दिवसाचं रक्त

“दादा, आजचा आकडा कमी लिही,” बहीण म्हणाली. त्याने नुकतंच तिचं रक्त काढलं होतं.

ती दाखल होती त्याच रुग्णालयाच्या लॅबमध्ये तो बावीस वर्षं रक्त तपासत होता. बहीण चौदा वर्षांनी धाकटी. आई गेल्यावर तिच्या वेण्यासुद्धा त्यानेच घातलेल्या. तिचे आधीचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्यातच गेले. हा टिकला, आणि पाचवा महिना सरताना कपडे वाळत घालता घालता तिची पाणमोट फुटली.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. आवरण फाटलं, आता जंतूंना दार उघडं आहे. सातव्या महिन्यापर्यंत रेटलं तर बाळाला आशा. मध्येच संसर्ग झाला तर मात्र थांबायचं नाही, लगेच प्रसूती करायची, नाहीतर आईच्या जिवावर बेतेल. आणि त्याची चाहूल रक्तातच लागेल. शरीर लढायला उठलं की पांढऱ्या पेशी वाढतात.

पंधरा दिवस आकडे गुण्यागोविंदाने राहिले. बहीण पडल्या पडल्या पोटाला दटावायची, की मामासारखा आळशी हो, इतक्यात उठायची घाई करू नकोस.

आज तिचा दंड त्याला गरम लागला. उन्हाने असेल, ती म्हणाली. खिडकीवर पडदा होता.

यंत्राने दिलेला आकडा पाहून त्याने रक्त पुन्हा लावलं. मग काचपट्टीवर थेंब पसरवला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी स्वतः मोजली. पांढऱ्या पेशींची झुंबड होती. कित्येक तर अर्धवट वाढलेल्या, शरीराने घाईघाईने पुढे धाडलेल्या. पुरता अहवाल लिहायला त्याला पाच मिनिटं लागत. आज पाऊण तास लागला. एक दिवस लपवला तर काय होतं, हे त्याच्याइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने खरा आकडा लिहिला, सही केली आणि कागद स्वतः वर नेला.

डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले. ते धावत सुटले होते. त्यांनी कळा आणायचं सलाईन लावायला सांगितलं.

“एकच दिवस मागितला होता रे,” बहीण म्हणाली.

तो पलंगाची कड धरून उभा राहिला.

दुपार कलताना मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. वीस मिनिटं श्वास घेतला तिने, मामाच्या हातात. आई तापाने ग्लानीत होती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तुम्ही वेळेत कळवलंत म्हणून बहीण हाती लागली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी तो सुई घेऊन गेला, तेव्हा बहिणीने हात चादरीखाली ओढून घेतला.

“दुसऱ्या कुणाला तरी पाठव.”

त्याने लॅबमधल्या सहकारी बाईंच्या हातात ट्रे दिला. तिला सुईची भीती वाटते, टोचताना जरा बोलत राहा तिच्याशी, एवढं सांगितलं आणि तो दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहिला.