बाबांचा हलका, मामाचा जोरदार

आग विझवायचा, उचलून नेता येईल असा पंप बनवायचं ठरलं आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. कारखाना बाबा आणि मामा या मेहुण्या-मेहुण्यांचा. बाबांना पंप हलका हवा, मामाला पाण्याचा मारा जोरदार. शेवटी आईने बजावलं, "नवऱ्याला आणि भावाला एकदमच सांगते, जेवताना पंप नको!"

लेक कारखान्यात इंजिनिअर होती. इंजिन, नळ्या, पाणी फेकणारं चाक, सगळ्यांची मापं बदलत तिने कॉम्प्युटरवर चार हजार पंप मांडले. दुसऱ्या एखाद्यापेक्षा जडही आणि पाणीही कमी फेकणारे, असे सगळे बाद केले. छत्तीस उरले.

"एक उत्तर मागितलं, तर छत्तीस?" मामा वैतागला.

"मामा, यातला कुठलाही घे. तो आणखी हलका करायचा तर थोडा मारा सोडावाच लागेल. किती सोडायचा, ते कॉम्प्युटर कसं सांगणार?"

"मग सांगणार कोण?"

"जे वापरणार ते."

अग्निशमन केंद्राच्या प्रमुख बाई आल्या. छत्तीसांतल्या एका पंपाच्या वजनाची वाळूची पेटी सहकाऱ्यासोबत तीन जिने चढवून त्या खाली आल्या, तेव्हा जेमतेम धाप लागली होती. "एवढं चालेल. त्याचा कागदावरचा माराही पुरे. पण इंजिन सुरू करायची दोरी ओढल्यावर पाणी यायला वेळ किती?"

बाबांनी मामाकडे पाहिलं, मामाने बाबांकडे. लेकीने जीभ चावली. हा आकडा तिने धरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने वेळही धरून गणित पुन्हा केलं, तेव्हा बाद झालेले काही पंप परत यादीत आले. त्यातला एक पोटात थोडं पाणी साठवून ठेवणारा, म्हणून सुरू होताच पाणी खेचणारा होता. बाईंनी पेटीने अजमावलेल्या पंपापेक्षा तीन किलो जड, मारा किंचित कमी. पण पाणी सात सेकंदांत. बाईंनी क्षणभरही विचार न करता त्यावर बोट ठेवलं.

"भाऊजी, आपण दोघंही हरलो," मामा म्हणाला.

"पोरीकडून हरलो रे," बाबा खुशीत म्हणाले.

पंप तयार झाल्यावर चाचणीला बाईंनी दोरी ओढली. पाणी अंगणापलीकडच्या भिंतीवर आदळलं. टेपचं एक टोक बाबांनी धरलं, दुसरं मामाने, आणि दोघं चिंब भिजत अंतर मोजायला पळाले.