मी कुणाला गिळले नाही

मी घडीची खुर्ची बोलत आहे. ऐकण्यासाठी बसलेच पाहिजे असे नाही. माझ्यासमोर ताटकळत उभे राहण्याची सवय आमच्या घरात सर्वांनाच जडली आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तेथे नळ्या कापल्या, वाकवल्या, दोन्ही बाजूंना टेकायला हात बसवले आणि जाड निळे कापड ताणून शिवले. अखेरीस तपासनिसाने माझ्यावर वाळूची पोती रचली, थोडा वेळ वाट पाहिली आणि ‘उत्तीर्ण’ अशी चिठ्ठी चिकटवली. बसणाऱ्याचा भार निमूटपणे पेलणे, एवढे एकच काम मला शिकवले गेले आणि ते मी चोख शिकले. त्याच कामापायी पुढे माझी बदनामी होईल, असे मात्र त्या चिठ्ठीवर कोणी लिहिले नव्हते.

मला विकत घेतले ते लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थाने. त्याचा गुडघा झिजलेला. त्याची पत्नी सांडपाण्याच्या नळांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत काम करते. आठवडाभर ती तेथील चाकांच्या खुर्चीत बसते आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर पालथे घालते. डोंगरवाटांवरची शंभर मैलांची शर्यत पूर्ण करायची, हा तिचा ध्यास. ही शर्यत एक दिवस, एक रात्र आणि पुन्हा एक दिवस चालते. वाटेत मदतीचे थांबे असतात. प्रत्येक थांबा ठरलेल्या वेळेच्या आत सोडावा लागतो. उशीर झाला की स्पर्धक बाद.

“लोकांना जिने चढावे लागू नयेत म्हणून मी जन्मभर राबलो,” गृहस्थ म्हणे, “आणि घरातलीच बाई मुद्दाम चढून दाखवते!”

सरावाचे ते दिवस माझे सुखाचे होते. डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावून तो मला उघडून बसे. ती तोच चढ पुनःपुन्हा चढून उतरे, पाण्याचा घोट घेई आणि पाठ फिरवी. तिने पायांना सवय लावली, पळता पळता उकडलेले बटाटे पचवण्याची पोटाला सवय लावली. बसून पुन्हा उठण्याचा सराव मात्र त्या हुशार माणसांपैकी कोणालाही सुचला नाही.

मागच्या वर्षी ती शेवटच्या थांब्यावर पोहोचली तेव्हा तिचा घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला होता आणि नजर कोठेच ठरत नव्हती. ती माझ्यावर कोसळली. नवऱ्याने ब्लँकेट पांघरले. तिची नणंद रुग्णालयात परिचारिका आहे. तिने गरम सूप पुढे केले.

“पाचच मिनिटं,” एवढे म्हणून बाईने डोळे मिटले. ते उघडले तेव्हा वेळ संपली होती. एका स्वयंसेवकाने तिच्या छातीवरचा क्रमांक काढून घेतला. ती रडली नाही; माझ्या कापडाकडे नुसती पाहत राहिली.

परतताना गाडीत नणंद म्हणाली, “त्या खुर्चीनं गिळलं हिला.”

झाले! तेव्हापासून माझे नाव ‘गिळणारी’. मला तोंड असते तर मी तेथेच विचारले असते: ती बसली म्हणून थांबली, की पाय थांबले म्हणून बसली? कारण कोणते आणि परिणाम कोणता, एवढे साधे तपासण्याची तसदी कोणीही घेतली नाही.

पुढचे वर्ष मी केरसुण्यांच्या शेजारी काढले. बूट घ्यायला ती येई आणि तोंड फिरवून जाई. सरावाला मला नेत, पण केवळ त्याच्या गुडघ्यासाठी आणि तेही चोरून. वळणावर ती दिसली रे दिसली, की तो माझ्या हातांवर जोर देऊन धडपडत उठे आणि मला घाईघाईने मिटून गाडीमागे लपवी. मी काय चोरीचा माल होते?

यंदा शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, ती त्याच शेवटच्या थांब्यावर लंगडत आली. टाचेखाली मोठा फोड आला होता आणि मोजा त्याला चिकटला होता.

“बस खाली. बघू दे,” नणंद म्हणाली.

“नाही ताई. बसले की संपलं.”

“अगं, उभ्याउभ्या पट्टी कशी लावू? घोड्याला नाल ठोकतेय का मी?”

“ठोका हवं तर. पण बसणार नाही.”

“जमिनीवर तरी टेक जरा,” नवरा अजिजीने म्हणाला.

“म्हणजे तू मला क्रेननं उचलणार?”

“थांबा बंद व्हायची वेळ होत आलीय,” स्वयंसेवकाने बजावले.

नणंदेने पदर खोचावा तशी शर्टाची बाही वर सारली. “मग मी बसते! आण रे ती गिळणारी!” आणि ती माझ्यावर धप्पकन बसली. “दे पाय इकडे. दे माझ्या मांडीवर.”

नवऱ्याच्या खांद्याला धरून ती एका पायावर उभी राहिली. दुसरा पाय नणंदेच्या मांडीवर. जमीन उताराची होती आणि माझा मागचा पाय चिखलात रुतत होता. त्या टाचेची थरथर मांडीतून माझ्या कापडापर्यंत येत होती. इतक्या जपून मी कधीच कोणाचा भार पेलला नव्हता. मोजा निघाला, पट्टी बसली, बूट चढला. पाय खाली घेताना तिचा तोल गेला आणि मोकळा हात माझ्या हातावर आला. तिने तो घट्ट दाबला, त्याच्यावर जोर दिला आणि निघाली.

हे कोणीही पाहिले नाही.

“धावतेय कसली, नुसती लंगडतेय आमची भिंगरी,” नणंद डोळे पुसत म्हणाली.

“पण पुढं लंगडतेय ना, ताई!” नवरा म्हणाला.

सूर्य कलला तेव्हा शेवटच्या रेषेपलीकडे मला उघडून ठेवले होते, ब्लँकेटसकट. वेळ संपायला थोडकाच अवकाश असताना ती वळणावर दिसली. नवरा आपला गुडघा विसरून शेवटचा पल्ला तिच्या बाजूने पळाला. तिने रेषा ओलांडली!

“आता तरी बस गं बाई!” नणंद ओरडली.

तिने माझ्याकडे पाहिले, हसली आणि गवतावर सरळ आडवी झाली. माझ्या पायांपासून हातभर अंतरावर! मग कोणीतरी तिचे पदक माझ्या पाठीला अडकवले. म्हणजे मी खुंटीही झाले.

आता मी सज्जात असते. माझ्यावर तिचे बूट वाळत घालतात. नणंद पाहुण्यांना सांगते, “माझ्या मांडीवर पाय घेतला, म्हणून पोचली.” ती मांडी कशावर टेकली होती, याविषयी एक अक्षरही नाही. आणि पुढच्या वर्षीच्या सरावासाठी पुन्हा तोच फतवा निघाला आहे: गिळणारी दिसता कामा नये.

बाई, माझे तुझ्याकडे एकच मागणे आहे. माझे कापड विरत चालले आहे. ते फाटण्यापूर्वी, शर्यत नसलेल्या एखाद्या सकाळी, हे बूट खाली ठेव आणि माझ्यावर बस. तुला वाटते, माझे हात बसलेल्याला धरून ठेवण्यासाठी आहेत. तुझ्या नवऱ्याच्या गुडघ्याला विचार. ते उठण्यासाठी आहेत.