पित्ताचा त्रास

खोटं बोलायचंच तर ते आखूड असावं. लांबण लावली की माणूस कुठेतरी अडकतोच. कल्पिताला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तीन वर्षांपूर्वी तिने एकच शब्द निवडला. पित्त.

तिचा नवरा अल्पेश व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने काढून उरणला परत आला होता. आळीत सांगून झालं होतं की कंटेनरच्या कामासाठी गुजरातला गेलेत. परतल्यावर पहिल्याच रविवारी मैत्रिणीकडे, प्रांजलीकडे जेवण होतं. प्रांजलीच्या नवऱ्याने, सिद्धेशने, सवयीने ग्लास पुढे केला. अल्पेश काही बोलणार एवढ्यात कल्पिताने मध्येच तोंड घातलं. "त्यांना पित्ताचा त्रास आहे. डॉक्टरांनी कायमचं बंद सांगितलंय." सिद्धेश म्हणाला, अरे बापरे, मग राहू दे. झालं. विषय मिटला. कल्पिताचा जीव भांड्यात पडला.

उगाच नव्हती ती खोटं बोलत. तिचं माहेर आगरदांड्याचं. तिथे तिच्या आईला नावाने कुणी हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. नळावर, दुकानात, जेट्टीवर, जिथे जाईल तिथे ती दारुड्याची बायको. लग्न झालं तेव्हाच कल्पिताने ठरवलं होतं, काही झालं तरी हे नाव आपल्याला चिकटू द्यायचं नाही. आणि अल्पेश पुन्हा त्या वाटेला जाता कामा नये. या दोन गोष्टींसाठी ती तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून बसली होती.

आणि बसायला जागा तरी कुठली मिळाली होती, तर 'गोडाचा रविवार'. प्रांजली, हॉस्पिटलात नर्स असलेली रश्मी आणि ही, तिघींचा हा उद्योग. महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमायचं. जिचं घर तिने काहीतरी गोड करायचं, दुसरीने काहीतरी मसालेदार प्यायला आणायचं आणि निघण्याआधी दोन्हीची कृती मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये टाकायची. रश्मीचा हात पेयांवर भलता चालायचा. कोकमाचं आगळ, लवंग-दालचिनीचा काढा, आलं, हिरवी मिरची आणि वर वोडका, असलं काहीतरी ती जगभरात मिळत नसल्यासारखं मिरवत आणायची. अल्पेशसाठी एक बाटली बिनवोडकाची. कल्पिता तरीही त्याचा ग्लास त्याच्या हातात देण्याआधी हळूच हुंगायची. कुणाच्या लक्षात येत नाही, असं तिला वाटायचं.

मे महिन्यातल्या रविवारी प्रांजलीची पाळी होती. दुपारचं जेवण झालं, पंखा फिरत होता तरी घाम थांबत नव्हता. खाली रस्त्यावर ट्रेलरची रांग लागलेली. प्रांजलीने फ्रिजमधून नारळाच्या दुधाचं पुडिंग काढलं, वर फुगलेले मनुके. सगळ्यांना काचेच्या वाट्या, अल्पेशला स्टीलची. काचेच्या कमी पडल्या असतील, असं कल्पिताला वाटलं. अल्पेशने वाटी चाटूनपुसून साफ केली. आपल्या नवऱ्याला कुणाच्या हातचं इतकं आवडलेलं बघून कल्पिताला किंचित राग आला आणि कौतुकही वाटलं.

"आणखी घ्या ना," ती म्हणाली. "घरी म्हणाल, लाजलो म्हणून."

प्रांजलीने आतून दुसरी वाटी आणून दिली. तेवढ्यात कल्पिताचा फोन वाजला. प्रांजलीने कृती टाकली होती. कल्पिता वाचू लागली. नारळाचं दाट दूध दोन वाट्या. साखर अर्धी वाटी. जायफळ चिमूटभर. मनुके मूठभर, रात्रभर रममध्ये भिजवलेले.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. समोर अल्पेश चमच्याने मनुके वेचून खात होता.

पुढे काय झालं ते तिला नीट आठवत नाही. ती उठली, त्याच्या हातातली वाटी तिने हिसकली आणि ती खणकन फरशीवर पडली. पुडिंग सिद्धेशच्या पायावर उडालं.

"रम आहे त्यात," कल्पिता म्हणाली. "थुंका. आधी बेसिनवर जा आणि थुंका."

"माझ्यात नाही," अल्पेश शांतपणे म्हणाला.

"दोन वाट्या खाल्ल्यात तुम्ही."

"अगं, त्याच्यात नाही गं," प्रांजली घाईघाईने म्हणाली. "त्याचे मनुके मी संत्र्याच्या रसात भिजवले होते. म्हणून तर स्टीलच्या वाट्या. चुकून अदलाबदल नको म्हणून."

कल्पिताला हायसं वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी तिला प्रश्न पडला, आणि तो तिने विचारला. "त्यांचे वेगळे कशाला भिजवलेस?"

प्रांजलीने अल्पेशकडे पाहिलं. सिद्धेश पाय पुसत खाली वाकला आणि तिथूनच म्हणाला, "ते... पित्तासाठी, वहिनी."

"पुरे झालं, सिद्धेश," रश्मी म्हणाली. मग ती कल्पिताकडे वळली. "आम्हाला माहीत आहे, कल्पिता. पहिल्यापासून. त्याच रविवारी तू आत सरबत करत होतीस ना, तेव्हा अल्पेशने आम्हाला सगळं सांगितलं. केंद्राचं, सगळंच."

तीन वर्षं. तीन वर्षं ती प्रत्येक रविवारी पित्ताची नवी नवी लक्षणं सांगत होती, आणि हे लोक माना डोलवत होते. प्रांजलीने तर एकदा तिला मोरावळा करून दिला होता, बरणी भरून. ती बरणी तिने किती जपून आणली होती घरी.

"म्हणजे मला वेड्यात काढत होतात सगळे?"

"तसं नाही गं," प्रांजली म्हणाली. "तुला ते बोलायचं नव्हतं. आम्हाला वाटलं, तुला असंच बरं वाटतंय तर राहू दे."

लाज वाटली म्हणजे कल्पिताला राग यायचा, तो स्वभावच होता तिचा. "बरं, कळलं तर कळलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "मग हेही माहीत असू दे. माझ्या नवऱ्याने तीन वर्षांत एक थेंब घेतलेला नाही. कुणाची टाप आहे असं राहायची? ते सांगितलं का त्यांनी तुम्हाला?"

कुणीतरी 'हो' म्हणेल म्हणून ती थांबली. प्रांजली फरशीवरचं पुडिंग गोळा करू लागली. सिद्धेश पंख्याकडे बघत होता. रश्मी ग्लासातला बर्फ हलवत राहिली. एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही.

कल्पिता अल्पेशकडे वळली.

"कधी?" तिने विचारलं.

"फेब्रुवारीत," अल्पेश म्हणाला. "तू भाचीच्या बारशाला आगरदांड्याला गेली होतीस."

बारसं. चार दिवस. दुसऱ्या दिवशी तिने फोन केला होता, तो सिद्धेशने उचलला होता. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. 'वहिनी, त्याला पित्त झालंय जरा, झोपलाय,' असं सिद्धेश म्हणाला होता. आणि तिने काय केलं होतं? तिने विश्वास ठेवला होता. तीन वर्षं स्वतः रचलेलं खोटं तिच्याच कानात ओतलं गेलं आणि तिला ते ओळखू आलं नाही. वर तिने सांगितलं होतं, आमसूल भिजत घाला, त्याचं पाणी द्या, लगेच उतरेल.

"दिलं होतं मी आमसुलाचं पाणी," सिद्धेश पुटपुटला. "तुम्ही सांगितलं म्हणून."

"गप्प बसा तुम्ही," कल्पिता म्हणाली. मग अल्पेशकडे बघून, "आणि मी परत आले तेव्हा? मला का नाही सांगितलंत? यांना सांगता, बायकोला नाही?"

"सांगितलं होतं," अल्पेश म्हणाला. तो भांडत नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आलीस त्या संध्याकाळी ओट्याशी उभा होतो तुझ्या. म्हटलं, तू नव्हतीस तेव्हा मला पुन्हा त्रास झाला. तू म्हणालीस, बाहेरचं तिखट खाल्लं असेल, आणि थंड दूध दिलंस. चार दिवसांनी पुन्हा म्हटलं, तर गोळ्या आणून दिल्यास. कल्पिता, तो शब्द आपल्या घरात उरलाच नाही. आणि तो पहिला उच्चारायची माझी हिंमत झाली नाही. तुझं तोंड बघून नाही झाली."

ती संध्याकाळ तिला लख्ख आठवली. त्याने दुधाचा पेला दोन्ही हातांत धरला होता आणि तो बराच वेळ तिच्यामागे उभा होता. ती बारशाच्या जेवणाबद्दल बोलत होती. किती पंगती उठल्या, जिलेबी कशी कमी पडली. त्याने पेला रिकामा करून विसळून ठेवला होता, एरवी तो कधी ठेवत नसे, आणि ती म्हणाली होती, बघा, बरं वाटलं ना?

ती खाली बसली, पुडिंगने चिकट झालेल्या फरशीवरच. रश्मीने प्रांजलीला खूण केली, दोघी उठल्या, सिद्धेशही उठला.

"कुठे चाललात?" कल्पिता म्हणाली. "बसा इथेच. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. एक मलाच ठाऊक नाही."

तिघं पुन्हा बसले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "बोला. पहिल्यापासून सांगा."

अल्पेशने तळवे गुडघ्यांवर पुसले. "त्या दिवशी मी दारू प्यायलो, कल्पिता," तो म्हणाला.

तिचे ओठ हलले. काहीतरी सांभाळून घ्यायला, झाकून न्यायला ते आपोआप हलले होते. तिने ते मिटले आणि पुढचं ऐकू लागली.