मागची पायडलं

सगळी गल्ली त्यांना दाजी म्हणायची. खरं तर ते एकाच माणसाचे दाजी होते, कोपऱ्यावरच्या न्हाव्याचे. त्याच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. पण न्हाव्याचा आवाज असा, की त्याने दुकानातून ‘दाजीऽऽ’ अशी हाक मारली की चार घरांतले नळ हादरायचे. नळ हादरले की दुरुस्तीला पुन्हा दाजीच, कारण ते प्लंबर. असं करत करत नाव चिकटलं.

दाजींच्या घराच्या बोळात एक सायकल उभी होती. साधी नव्हे, दोघांची. एकामागे एक दोन सीटं, दोन हँडलं, चार पायडलं. गल्लीतली पोरं तिला बाकडं म्हणायची आणि न्हावी आगगाडी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत दाजींनी आणि त्यांच्या बायकोने ती घेतली होती. सुट्टी मिळाली की दोघं डोंगरात जायचे. तिथे बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून सायकलींसाठी वाट केली होती. मोटारीला बंदी. हॉर्न नाही, धूर नाही, मागून कुणी ‘ओ काका, बाजूला’ म्हणून ओरडणारं नाही.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. सायकल तेव्हापासून बोळातच. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नडगीला तिचं पायडल लागायचं. मुलगी फोनवर म्हणायची, “बाबा, देऊन टाका कुणाला तरी. तिच्याकडे किती दिवस बघत बसणार?”

“बघत कुठे बसतोय? नडगी शेकत बसतोय.”

पण हातून सुटत नव्हती, त्याचं कारण वेगळं होतं. त्या सायकलवरचं एक भांडण अर्धवट राहिलं होतं.

त्या सायकलची पुढची आणि मागची पायडलं साखळीने एकमेकांना जोडलेली. पुढच्याने मारली की मागचीही फिरतात. मागचा नुसते पाय ठेवून बसला तरी पाय गोल गोल फिरत राहतात आणि पुढच्याला पत्ता लागत नाही. दाजींना पहिल्या सहलीपासून संशय होता, की बायको फुकटात फिरतेय. चढ लागला की ते ओरडायचे, “पाय मारतेस ना?” मागून ठरलेलं उत्तर यायचं, “पुढे बघा, खड्डा आहे.” बहुतेक वेळा खड्डा नसायचा. यावरून दाजींनी निकाल देऊन टाकला होता. चारचौघांत सांगायचे, “अख्खा संसार मी एकट्याने ओढला, चढावरसुद्धा.” ती हसायची. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, आणि तशीच निघून गेली. आता विचारायचं कुणाला?

शेवटी दाजींनी मनावर दगड ठेवला. वाटेच्या त्या टोकाला, डोंगरातल्या जुन्या स्टेशनात, एक बाई सायकली भाड्याने द्यायची. ती सायकल घ्यायला तयार होती. फक्त तिथे मोटार जात नसल्यामुळे चालवतच नेणं भाग होतं. परतायला बाई कॅरियरवाली एक साधी सायकल देणार होती. दाजींना ती एकट्यालाही नेता आली असती, पण मागचं रिकामं सीट घेऊन निघायचा धीर होईना.

“मी येतो की,” न्हावी म्हणाला.

“तुला सायकल येते?”

“मागे बसायला काय यावं लागतं? ताईला तरी कुठे येत होती?”

रविवारी सकाळी दोघं निघाले. रेल्वेची वाट म्हणजे चढ डोळ्याला दिसत नाही, पण संपतही नाही. न्हाव्याची बडबड तशीच.

“दाजी, तुमच्या डाव्या कानामागे एक झुडूप राहिलंय.”

“पाय मार.”

“मारतोय हो. गेल्या खेपेला सुटलं बघा माझ्याकडून. लाज वाटतेय मला.”

“तोंड नको मारू. पाय मार.”

पहिला पूल गेला आणि पुढे मेंढ्या आडव्या आल्या. मोटारी नाहीत म्हटल्यावर मेंढ्यांना वाटत होतं वाट आपलीच. दाजींनी घंटी वाजवली, तेव्हा त्या आणखी चार जवळ आल्या. मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून बघत उभा होता.

“शहरात हेच आणि इथेही हेच,” न्हावी म्हणाला. “फक्त इथले लोक अंगावर लोकर घालतात.”

मग तो चढ आला. पूर्वी तिथून रेल्वे बोगद्यातून जायची. बोगदा ढासळला, म्हणून सायकलींची वाट डोंगरावरून नेली होती. ती सरळ अंगावर येणारी. या चढावर दाजी आणि त्यांची बायको कधीही उतरले नव्हते. बाकीचे सायकली ढकलत न्यायचे आणि हे दोघं त्यांच्या शेजारून वर जायचे. दाजींचा तो अभिमानाचा चढ होता.

अर्ध्यावर दाजींची छाती भात्यासारखी चालू लागली. सायकल डुलायला लागली.

“पाय मारतोयस ना?”

“म्हणजे काय!”

“बरं, पाय वर घे.”

“का?”

“घे म्हणतो ना!”

न्हाव्याने चिखलातून जावं तसे पाय वर घेतले. सायकलचा वेग होता तेवढाच राहिला. रतीभर फरक नाही.

“म्हणजे आत्तापर्यंत तू...”

“खोटं कशाला बोलू, दाजी. पहिल्या पुलापासून बंदच आहे.”

सायकल थांबली. दाजी जन्मात पहिल्यांदा त्या चढावर खाली उतरले. न्हाव्याला चार शब्द सुनवायचे होते, पण दम नव्हता. ते दगडावर बसले आणि त्यांच्या मनात किडा वळवळायला लागला. मागे ओझं असलं तर हा चढ होत नाही, हे आत्ता कळलं. मग इतकी वर्षं कसा झाला? लगेच त्यांनी स्वतःची समजूत घातली. न्हावी त्याच्या बहिणीच्या दीडपट, आणि आपलंही वय झालं. समजूत काही धड बसेना. वाकड्या आट्यांच्या नळासारखी गळतच राहिली.

एवढ्यात मानेला गार काहीतरी लागलं. न्हाव्याने खिशातून कात्री काढली होती.

“हलू नका. झुडूप काढतोय.”

“इथे?”

“मला दिवसभर त्याच्याकडे बघायचंय. ताईही हेच म्हणायची. तुमच्या सहलीच्या आदल्या दिवशी दुकानात येऊन बजावून जायची. ह्यांना पाठवते, मान नीट कर रे, उद्या दिवसभर मला तीच बघायचीय.”

दाजींनी मान पुढे वाकवली. दर सहलीआधी बायको ‘केस कापून या’ म्हणून मागे लागायची आणि ते चिडून जायचे, की सायकल चालवायला केस कशाला कापायचे.

उरलेला चढ त्यांनी सायकल ढकलत पार केला. उतारावर ‘ब्रेक, दाजी, ब्रेक!’ एवढाच न्हाव्याचा हातभार. दुपारी स्टेशन आलं. फलाटावर सायकली टांगलेल्या होत्या आणि तिकिटांच्या खिडकीत बाई पंक्चर काढत होती. हात पुसत ती बाहेर आली. साखळी पाहिली, ब्रेक दाबले, मग उकिडवी बसून पायडलं फिरवली.

“गाडी चांगली ठेवलीत. फक्त मागची पायडलं बदलावी लागतील. रबर पार गेलंय, आतलं लोखंड लागतंय हाताला.”

“आणि पुढची?”

“पुढच्यांची तर नक्षीसुद्धा शाबूत आहे.” बाईने मान वर केली. “का हो, पुढे कुणी बसत नव्हतं का?”

न्हावी एवढ्या मोठ्यांदा हसला, की टांगलेल्या सायकलींच्या घंट्या किणकिणल्या.

“चारी एकाच दिवशी घेतलेली,” दाजी हळूच म्हणाले.

“ताई नुसती पाय घासत बसत असेल,” न्हावी म्हणाला. त्याला आता दाजींची दया यायला लागली होती.

“गप रे.”

रबर काय असतं, हे दाजींना शिकवायची गरज नव्हती. जन्मभर नळाचे वायसर बदलले होते. दाब आला नाही तर रबर झिजत नाही. ते खाली बसले. मागच्या पायडलावर अंगठा फिरवला. जिथे तिच्या पायाचा चवडा यायचा, तिथे खळगा पडला होता.

फलाटाच्या कडेला एक नळ ठिबकत होता. “हा बघतो जरा,” म्हणून दाजी उठले आणि पाठ फिरवून तिकडे गेले. नळ मिनिटात बंद झाला. दाजी मात्र बराच वेळ तो घट्ट करत उभे राहिले. न्हाव्याने या वेळी हाक मारली नाही.

परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

“बाई, सायकल देणारच आहे. पण आज नाही. सहलींचा हंगाम संपला की घेऊन येतो.”

“मग आत्ता परत जायचं कसं?” न्हाव्याने विचारलं.

“आलो तसंच. मी मागे बसणार.”

“अहो दाजी, मला हँडल येत नाही!”

“पुढे बसायला काय यावं लागतं? मी इतकी वर्षं बसलोच की.”

न्हावी देवाचं नाव घेत पुढे बसला. सायकल नागमोडी निघाली. दाजींच्या डोळ्यांपुढे आता न्हाव्याची मान. दुसऱ्यांची मान कापणाऱ्याची मान कोण कापणार? नुसतं रान माजलं होतं. पण मागे हँडल सांभाळायचं नसतं, म्हणून दोन्ही बाजूंना बघता येत होतं. खाली नदी होती. पलीकडच्या उतारावर निळ्या दाराचं एक घर होतं. बायको रात्री त्या दाराबद्दल सांगायची, तेव्हा दाजी म्हणायचे, असलं घर त्या वाटेवर नाहीच.

मग पुन्हा तोच डोंगर आला. येतानाचा उतार आता चढ झाला होता. न्हाव्याच्या घशातून शिट्टी वाजायला लागली.

“दाजी! पाय मारताय ना?”

दाजींनी दोन्ही चवडे त्या खळग्यांत रोवले होते. मांड्या थरथरत होत्या, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सगळं अंग ओतून ते मारत होते. न्हाव्याला सांगायचं तर बरंच होतं, पण मोठं उत्तर द्यायला छातीत हवाच नव्हती. दोन-चार शब्दांपुरता श्वास होता.

“पुढे बघ,” ते म्हणाले. “खड्डा आहे.”

“कुठे?” न्हाव्याने विचारलं.

खड्डा नव्हताच. सायकल वर चालली होती.