जिन्याचा कठडा

पाया पक्का असेल तर वरचं काम आपोआप उभं राहतं, हे हेडक्लार्कांचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. नोकरीत त्यांच्या टेबलावरून अपुरी फाइल कधी पुढे गेली नाही. पुरीही फारशी गेली नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बायको लेकीकडे होती. झोपायची खोली वर आणि जिन्याला कठडा नाही. "कठडा लागला की येते," तिने सांगून ठेवलं होतं. "आणि फॅब्रिकेटरला बोलवा. स्वतः करत बसू नका." हेडक्लार्कांनी यातलं पहिलं वाक्य मनावर घेतलं आणि भंगारातून लोखंडी पाइप आणले.

काम साधं होतं. गंज घासायचा, पुसायचं, लगेच प्रायमर मारायचा. हेडक्लार्क दिवसभर पॉलिश पेपरने घासत. संध्याकाळी पाइपात तोंड दिसे. मग शेवटचा हात म्हणून ते पाइप साबणाच्या पाण्याने धूत, तसेच निथळत ठेवत आणि प्रायमर उद्यावर टाकत. सकाळी पाइपांवर तांबूस साय धरलेली असे. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

"बाबा, घासून घासून पाइपाची तार होईल," लेक फोनवर म्हणाली. "आई विचारतेय, कुठवर आलंय?"

"तयारी होत आलीय."

"म्हणजे सुरुवात व्हायचीय," मागून बायकोचा आवाज आला.

फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटे. मग ते पुन्हा घासायला बसत.

एका दुपारी दाराशी गाडी थांबली. काठी टेकत बायको आत आली आणि उघड्या जिन्याकडे बघत राहिली.

"अगं, प्रायमर फक्त—"

"तुमच्या तयारीची वाट बघितली असती तर दुसराही गुडघा गेला असता. या इकडे. पुढे चढा."

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी थांबले की थांबा. हलू नका."

"नाही हलत."

"ते जमतं तुम्हाला."

वर पोचल्यावर तिने त्यांचा हात उलटा करून पाहिला. बोटांची कातडी सोलवटली होती. ती त्या हातावर फुंकर घालत राहिली.

कठडा फॅब्रिकेटरने एका सकाळीत बसवला. उतरताना बायको तोच धरते. चढताना मात्र खालून "अहो" अशी हाक येते.

पाइप गॅलरीत आडवे टाकलेत. त्यांच्यावर टॉवेल वाळतात. टॉवेलांना तांबडे डाग पडतात.