बाहेर नऊ

दौंडात मी पाट्या रंगवायचो. किराणा, सायकल दुरुस्ती, ट्रकच्या मागची फुलं, जे येईल ते. बायको गेल्यापासून आठवड्याचे सहा दिवस ब्रशाच्या नादात निघून जायचे. रविवार मात्र खायला उठायचा. शेजारीपाजारी आपापल्या घरात जेवायचे, भांडायचे. मी पडल्यापडल्या ऐकत राहायचो आणि, खरं सांगतो, मला त्या भांडणांचासुद्धा हेवा वाटायचा.

तेव्हा पुण्याहून ‘टिटवी’ नावाचं पोरांचं साप्ताहिक यायचं. शेवटच्या पानावर गोमा पोस्टमनची चित्रकथा. गोमाचं नाक मोठं, पायजमा तोकडा. कुत्र्यांना भ्यायचा, पण पत्र पोचवल्याशिवाय घरी जायचा नाही. चाळिशी उलटलेला बाप्या मी, आणि दर गुरुवारी स्टेशनवरच्या स्टॉलपुढं पोरांच्या रांगेत उभा. लोक हसायचे. हसेनात का.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात पाटीतून उरलेल्या हार्डबोर्डावर मी गोमाचा खेळ रंगवला. ऐंशी घरं. कवड्या टाकायच्या आणि गोमाला पत्र घेऊन पुढं न्यायचं. खुटबावला कुत्रं चावलं, तीन घरं मागं. वरवंडला एसटी मिळाली, सात घरं पुढं. शेजारचा मच्छिंद्र, रेल्वेत गँगमन, तो काडेपेटी मागायला आला आणि दिवे लागेपर्यंत उठला नाही. पुढच्या रविवारी गल्लीतल्या सोजरबाईला घेऊन आला. म्हातारी पक्की लबाड. पदराआड कवडी उलटी करायची आणि वर आमच्यावरच डाफरायची. माझ्या खोलीत चार वर्षांनी कुणीतरी मोठ्यानं हसलं. मी चहाच्या निमित्तानं चुलीकडं तोंड फिरवून डोळे पुसले.

मग जो तो मागू लागला. मी करून दिले. दमडी घेतली नाही. पण पेंटरची खोड जाते कुठं? खालच्या कोपऱ्यात ‘बन्सी पेंटर, दौंड’ आणि पुढं नंबर. माझ्या घरचा एक नंबर. दहा झाल्यावर मला चेव चढला आणि अकरावा मी ‘टिटवी’च्या कचेरीला पार्सल केला. सोबत चार पानी पत्र. ते छापून येईल म्हणून पुढचे तीन अंक उलटेसुलटे चाळले.

आलं ते ‘टिटवी’ छापणाऱ्या कंपनीच्या वकिलाचं पत्र. आणीबाणीचे दिवस. शिक्क्याच्या कागदाला सगळेच भ्यायचे. गोमाचं चित्र कंपनीच्या मालकीचं, नाव कंपनीनं नोंदवलेलं, परवानगीशिवाय प्रती काढल्यामुळे दावा का लावू नये, असं त्यात होतं. मी त्याच दिवशी पुण्याची गाडी धरली.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्यानं मला बसायला सांगितलं आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. “गोमाच्या खाली तुमचं नाव?”

“साहेब, वाण्याच्या पाटीखाली बी माझं नाव असतंय. म्हणून दुकान माझं झालं का?”

तो हसला. “नाही झालं. मग गोमा तरी कसा तुमचा होईल?”

तो समजावत राहिला. “आज तुम्ही फुकट वाटता. उद्या कुणी छापून विकला, तर कोर्टात आम्हालाच विचारतील, तेव्हा गप्प का बसलात? घरचा एक ठेवा, घरात खेळा. सही पुसा. बाकीचे इथं जमा करा.” मग त्यानं नंबर वाचला. “अकरा. हा एक, तुमचा एक. म्हणजे बाहेर नऊ. पंधरा दिवसांत नऊच्या नऊ आले, तर प्रकरण मिटलं.”

नंबर घातला नसता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

आठ जमा झाले. कुणी तोंड वाकडं केलं, कुणी चहा पाजला. सोजरबाईनं शिव्या घालत दिला. नववा होता मच्छिंद्रचा. तो त्यानं इनामगावला बहिणीला, आक्काबाईला, दिला होता. तिचा नवरा झाडावरून पडून अंथरुणाला खिळलेला. पडल्यापडल्या दिवसभर कवड्या टाकायचा.

“भैनीला दिल्यालं भावानं माघारी आनायचं?” मच्छिंद्र म्हणाला. “तिच्या सासरच्यांम्होरं? उंदरानं खाल्ला म्हनून सांग की त्यांला.”

“त्यांच्याकडं आकडा हाय, मच्छिंद्रा.”

“आकडा ऱ्हाऊ दे. मी काय सांगतोय ते आईक.”

मी ऐकलं नाही. भीतीनं माणूस बहिरा होतो. “कोर्टात मला उभं ऱ्हायचंय, तुला न्हाई! आनलाच पायजे!” असं मी त्याच्या दारात, त्याच्या बायकोदेखत ओरडलो.

शनिवारी तो आला. फळी माझ्या उंबऱ्यावर ठेवली. आत ये म्हटलं, आला नाही. पाणी दिलं, घेतलं नाही.

“आक्काची सासू म्हनली, पातळ-चोळ्या बी न्हेतोस का, आलाच हाईस तर.” एवढंच बोलून तो गेला.

मी पुण्याला नऊ फळ्या पोचवल्या. मॅनेजरनं मोजून घेतल्या आणि प्रकरण मिटल्याचा कागद दिला. घरी येऊन मी टर्पेंटाइननं माझं नाव पुसलं.

रविवारी पट मांडला. सोजरबाई आली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, “मच्छिंद्र न्हाई व्हय? दोघांत काय खेळायचं?” गेली. पुढच्या रविवारी तीही आली नाही. मी एकटाच दोन्ही बाजूंनी कवड्या टाकत बसलो. घरात खेळायची मला कायद्यानं मोकळीक होती, तसा कागदच होता माझ्याकडं. तो कागद फाडून चुलीत घालावासा वाटला. पण धाडस कुठलं?

तिसऱ्या रविवारी दुपारी मी मच्छिंद्रच्या दाराशी गेलो. पाया पडायची तयारी होती माझी. त्याची बायको सारजाबाई बाहेर आली आणि दार मागं ओढून उभी राहिली.

“ते डूटीवर गेल्यात, भावजी.”

गँगला रविवारची सुट्टी असायची. आमचा खेळ रविवारी पडायचा तो त्याचमुळं. आत मच्छिंद्र खोकला. तिनं खाली बघितलं.

“बरं, वैनी,” मी म्हणालो. “आल्यावर सांगा, बन्सी येऊन गेला म्हनून.”

“व्हय,” ती म्हणाली. “सांगते.”