बारा सेंटीमीटरचं पाप

माणूस उठतो तेव्हा आधी त्याचं नाक पायाच्या बोटांच्या पुढे जातं, मग बूड सुटतं.

फुटपाथच्या नव्या फरशीची जाडी सहा सेंटीमीटर. खालच्या काँक्रीटची सहा.

माझी आजी शेवटची दोन वर्षं पलंगावरून हाका मारायची, "अगं, मला उठव गं."

काठीबाबांच्या काठीच्या टोकाला रबरी टोपी होती. तसली औषधाच्या दुकानात मिळते.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख सोमवारची होती.

*

दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर सकाळी नऊलाच शंभरेक माणसं. मधोमध एक सिमेंटचा बाक. ना पाठ, ना हात टेकायला दांडे. बाकाशेजारी काठीबाबा.

"ज्याच्या मनात पाप, त्याला हा बाक सोडत नाही!" बाबा गरजले. "कोण बसतं?"

तरुण पोरं बसत आणि टुणकन उठत. निष्पाप! साठीपुढची माणसं बसत आणि बसूनच राहत. गर्दीतून "अरे अरे" निघे. मग बाबा काठी पुढे करत. "पापाची पावलं मागे घे! अहंकार पुढे झुकव! आणखी झुकव! आता धर काठी!" आणि माणूस उठे, रडत.

माझी आईही तशीच उठली होती. त्या दिवसापासून ती घरात सोफ्यावर बसेना. म्हणाली, "ऑपरेशन रद्द कर."

"का?"

"पापाचं ऑपरेशन होतं का कुठं?"

"कसलं पाप गं? तू मुंगीला वळसा घालून जाणारी बाई."

ती दुखरा गुडघा चोळू लागली. मग म्हणाली, "सासूबाई हाक मारायच्या ना, उठव म्हणून. मला ऐकू यायचं. मी मुद्दाम उशिरा जायचे."

*

आईला व्यायाम शिकवणाऱ्या बाई तोंडाने फटकळ. दुसऱ्या दिवशी त्या एका काखेत लाकडी पायरी आणि दुसऱ्या हाताने माझ्या आईला धरून थेट गर्दीत घुसल्या. मागे मी, माझ्या ऑफिसातला टेप घेऊन. मी पालिकेत फुटपाथच्या कामांवर देखरेख करते.

"मोज," बाई म्हणाल्या.

मी मोजलं. "तेहतीस."

"ऐका हो सगळे! बसायची जागा पंचेचाळीसच्या आसपास लागते. हा बाक तेहतीस. गुडघे दुखणारा माणूस यात रुतणारच. पाप नाही, खड्डा आहे हा!" त्यांनी बाकावर पायरी ठेवली. "ही बारा सेंटीमीटर. काकू, बसा. आता उठा. काठी नाही, बाबा नाही."

आई उठली. एकटी. स्वतःच दचकली.

"आणि यांचा मंत्र माहितीये का? पाय मागे, नाक पुढे, हाताला आधार. मी दवाखान्यात रोज हेच शिकवते. फक्त अहंकार म्हणत नाही, बूड म्हणते."

लोक हसले. मला वाटलं, संपलं.

"पापावर पाट ठेवला," बाबा शांतपणे म्हणाले, "तर पाप झाकतं. जात नाही."

"मग तुम्हीच बसा की! पायरी काढते. काठी द्या इकडे."

शंभर जोडी डोळे. बाबा बसले. पोट मांडीवर आलं. उठायला गेले, मागे पडले. पुन्हा गेले, पुन्हा पडले. मागे कोणीतरी शिट्टी मारली.

बाबांनी डोळे मिटले. घाम पुसला नाही. "झालं," ते म्हणाले. "तुमचं सगळ्यांचं ओढून घेतलं मी. म्हणून जड झालोय."

शिट्टी थांबली. आणि बाबांना उठवायला एकदम वीस हात पुढे आले. पहिला माझ्या आईचा.

बाई पायरी उचलून निघाल्या. जाता जाता भोवतीच्या चकचकीत फरशीकडे बघून म्हणाल्या, "बाक गळ्यापर्यंत पुरून ठेवलाय. कोणत्या शहाण्याने बसवली ही फरशी?"

मी माझ्या चपलांकडे बघत राहिले.

*

बाक वर घ्यायचा अर्ज मी त्याच दुपारी टाकला. साहेब म्हणाले, "आता त्याला उचललं तर लोक आपल्याला उचलतील." अर्ज कपाटात गेला.

संध्याकाळी आईला म्हटलं, "बारा सेंटीमीटर आहेत गं ते. नुसती उंची."

"कळलं मला. उठले की मी."

"मग?"

"मग सासूबाईंना थांबवून ठेवायचे, ते काय होतं?"

"त्याचा बाकाशी काय संबंध?"

"तुम्ही कुणी कधी विचारलं नाहीत," आई म्हणाली. "बाकानं विचारलं."

सोमवार आला आणि गेला. ती आता भिंत धरून चालते आणि रोज जाऊन बाकावर बसते.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. कुठं बसलात आणि उठता येईना, तर आधी खाली बघा. बसायची जागा मोजा. गुडघा डॉक्टरला दाखवा. मनात काही सलत असेल तर ते घरच्या माणसाला सांगा, काठीवाल्याला नको. आणि घरच्या माणसांनो, विचारत जा.

फरशी बसवायच्या दिवशी गवंड्याने विचारलं होतं, "ताई, बाक उपटून वर घेऊ, की भोवतीनंच लावू?" मी भोवतीनंच लावा म्हणाले होते.